गुणात्मक पीएच.डी. संशोधनात जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर : कोल्हापूर परिसरातील क्षेत्रकार्याच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

मुलाखत, निरीक्षण आणि जीवनकथन यांवर आधारलेल्या पीएच.डी. संशोधनात चॅटजीपीटीसारख्या साधनांचा शिरकाव झाला आहे. परंतु त्याबद्दल मार्गदर्शक आणि संशोधक विद्यार्थी यांच्यात मोकळी चर्चा अभावानेच होते. प्रस्तुत लेखात या साधनांचे कार्य कसे चालते, मराठी बोलीतील मुलाखतींचे शब्दांकन व संकेतीकरण करताना ती कोठे चुकू शकतात, निवेदकाच्या संमतीचा प्रश्न कसा उद्भवतो आणि विद्यमान नियमावली कोठे अपुरी पडते, याचे विवेचन केले आहे. विवेचनासाठी ऊसतोडणी कामगार व शेतकरी स्त्रिया यांच्याविषयीच्या क्षेत्रकार्याचा आधार घेतला आहे.

बीजसंज्ञा : गुणात्मक संशोधन, जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्ता, संकेतीकरण, बोली, संमती, संशोधन मार्गदर्शक

प्रस्तावना

७ नोव्हेंबर २०२२ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाची पीएच.डी.विषयक नवी नियमावली अधिसूचित झाली आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला ओपनएआय या अमेरिकन कंपनीने चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले केले. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. तथापि, आज पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचे काम या दोहोंच्या छायेत चालते. नव्या नियमावलीने प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रकाशित करण्याची २०१६ च्या नियमावलीतील सक्ती काढली, एम.फिल. पदवी बंद केली आणि सहायक प्राध्यापकास एका वेळी चार, सहयोगी प्राध्यापकास सहा व प्राध्यापकास आठ विद्यार्थी अशी मर्यादा कायम ठेवली. एम.फिल.च्या निमित्ताने लहान आवाक्याच्या प्रबंधिकेवर हात बसवण्याची, चार-दहा मुलाखती घेऊन त्यांचे काय करायचे हे चुकतमाकत शिकण्याची जी संधी मिळत असे, ती त्यामुळे संपली. पहिलीच मुलाखत आता थेट पीएच.डी.साठी घेतली जाते आणि तिचे विश्लेषण कसे करावे हा प्रश्न पडला की उत्तर द्यायला भ्रमणध्वनीवरील यंत्र तयार असते.

१९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. या परिसरात समाजशास्त्र, मराठी, अर्थशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य अशा विषयांत गुणात्मक संशोधन करणारा विद्यार्थी बहुधा मराठीत, त्यातही बोलीत, मुलाखत घेतो. प्रबंध मराठीत किंवा इंग्रजीत लिहितो. त्याने वाचलेले पद्धतिशास्त्र मात्र जवळजवळ सर्वस्वी इंग्रजी असते. भाषेच्या या तीन पायऱ्यांवर चढउतार करताना होणारी दमछाक हेच या साधनांकडे वळण्याचे मुख्य कारण होय. त्यास केवळ आळस म्हणून निकालात काढणे अन्यायाचे ठरेल. महाविद्यालयात पूर्णवेळ अध्यापन करून, नॅकची कागदपत्रे सांभाळून, रात्री दोन तासांच्या ध्वनिमुद्रणाचे शब्दांकन करणाऱ्या प्राध्यापकाची अडचण खरी आहे. दोन तासांच्या बोलण्याचे काळजीपूर्वक शब्दांकन करण्यास एक पूर्ण दिवस सहज जातो, हे ज्यांनी ते केले आहे त्यांना सांगावयास नको.

यंत्र काय करते

जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषिक प्रारूपे प्रचंड मजकुरावर प्रशिक्षित केलेली असतात. आधीच्या शब्दखंडांवरून पुढचा शब्दखंड कोणता येण्याची शक्यता अधिक आहे, याचा अंदाज बांधत ती मजकूर तयार करतात. पडताळलेल्या सत्यांचा साठा त्यांच्यापाशी नसतो. असतो तो भाषेतील संभाव्यतेचा. म्हणून एकच प्रश्न दोनदा विचारला तर दोन निराळी उत्तरे मिळू शकतात आणि दोन्ही सारख्याच आत्मविश्वासाने दिलेली असतात. पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात याचा फटका सर्वाधिक बसतो. वॉल्टर्स आणि वाइल्डर यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चॅटजीपीटीच्या जुन्या आवृत्तीने दिलेल्या संदर्भांपैकी ५५ टक्के, तर नंतरच्या आवृत्तीने दिलेल्यांपैकी १८ टक्के संदर्भ अस्तित्वातच नसल्याचे आढळले होते. पुढील आवृत्त्यांत हे प्रमाण घटले असले आणि काही साधने आता महाजालावर शोध घेऊन उत्तर देत असली, तरी संदर्भ स्वतः उघडून पाहण्याला पर्याय निर्माण झालेला नाही.

मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषकांची संख्या सुमारे ८ कोटी ३० लाख असली, तरी महाजालावरील मजकुरात मराठीचा वाटा अत्यल्प आहे. जो आहे त्यात वृत्तपत्री व शासकीय प्रमाण मराठीचे प्राबल्य आहे. मराठी संशोधन त्यात आणखी कमी. शोधगंगा या भांडारात मराठी प्रबंध उपलब्ध आहेत, हे खरे. परंतु जुने प्रबंध पुष्कळदा छायाप्रतीच्या स्वरूपात आहेत किंवा युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये टंकलिखित आहेत. अशी पाने माणसाला वाचता येतात, यंत्राला ती अक्षरांचा गोंधळ वाटतात. श्री-लिपीतील आपला प्रबंध युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरांची झालेली दैना अनेकांच्या स्मरणात असेल. तात्पर्य, शाहूकालीन वसतिगृहांवर किंवा पंचगंगा खोऱ्यातील पाणीवाटपावर मराठीत झालेले गंभीर काम यंत्राच्या वाचनात आलेच असेल, असे गृहीत धरता येत नाही. बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात बसून जे सापडते ते यंत्रास विचारून सापडेलच असे नाही.

संकेतीकरण : जुनी साधने आणि नवी साधने

गुणात्मक संशोधनात मुलाखतीच्या मजकुराचे लहान अर्थपूर्ण खंड पाडून त्यांना नावे देण्याच्या क्रियेस संकेतीकरण म्हणतात. ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ साली मांडलेल्या आधारनिष्ठ सिद्धान्तात तिला मध्यवर्ती स्थान मिळाले. ब्रॉन आणि क्लार्क यांच्या २००६ च्या निबंधाने आशयसूत्र विश्लेषणाच्या सहा पायऱ्या प्रचलित केल्या. पैकी पहिली पायरी सामग्रीशी परिचय करून घेण्याची आहे, म्हणजे पुन्हा पुन्हा वाचणे, ऐकणे. ही पायरी वेळखाऊ असल्याने नेमकी तीच यंत्राकडे सोपवण्याचा मोह होतो.

संगणक आणि गुणात्मक विश्लेषण यांचे नाते नवे नाही. एनव्हिवो, अॅटलस.टीआय यांसारख्या आज्ञावल्या १९९०च्या दशकापासून वापरात आहेत. परंतु या आज्ञावल्या दीर्घकाळ कपाटासारख्या होत्या. संशोधकाने दिलेले संकेत त्या जपून ठेवत, मागितले की काढून देत. २०२३ पासून अॅटलस.टीआयने ओपनएआयच्या प्रारूपावर आधारित स्वयंचलित संकेतीकरणाची सोय दिली आणि इतर आज्ञावल्याही त्याच वाटेने गेल्या. येथे नात्याचे स्वरूप पालटते. कपाट आता आत काय ठेवावे हे सुचवू लागले आहे.

महाराष्ट्रात याहून निराळे उदाहरण घडून गेले आहे आणि पद्धतिशास्त्राच्या तासांना त्याची आठवण क्वचितच निघते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी १९८०च्या दशकापासून सहकाऱ्यांसमवेत ग्रामीण स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्यांचे संकलन केले. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह आहे. नाते, देव, श्रम, माहेर-सासर, जात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अशा आशयांनुसार त्यांचे सूक्ष्म वर्गीकरण करण्यात आले. बर्नार्ड बेल यांनी त्यासाठी संगणकाचे साहाय्य दिले आणि २०१७ पासून हा संग्रह पारी या संस्थेच्या माध्यमातून क्रमाने प्रकाशात येत आहे. म्हणजे संगणक होता, प्रचंड सामग्री होती आणि वर्गीकरणही होते. तथापि, कोणती ओवी कोणत्या आशयाखाली जाते याचा निर्णय गाणाऱ्या स्त्रियांची भाषा वर्षानुवर्षे ऐकलेल्या माणसांनी घेतला. एवढ्या कामास दशके लागली. तीन ते सहा वर्षांत प्रबंध पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याकडून त्या चिकाटीची अपेक्षा करता येणार नाही. पण त्याच्यापाशी एक लाख ओव्या नसून बहुधा पंचवीस-तीस मुलाखती असतात, हेही ध्यानात घेतले पाहिजे. एवढी सामग्री माणसाच्या आवाक्यातली आहे.

'कोयता' म्हणजे काय

दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गळीत हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून व सांगलीच्या जत भागातून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या कोल्हापूर परिसरात येतात. त्यांच्यावर संशोधन करणाऱ्यास पहिल्याच मुलाखतीत काही शब्द भेटतात : कोयता, उचल, मुकादम, फड, वाढे, खाडा. हे शब्द कोशात सापडतात, पण कोशातील अर्थ येथे पुरत नाहीत. 'कोयता' म्हणजे हत्यार तर खरेच. परंतु तोडणीच्या व्यवहारात एक कोयता म्हणजे पती-पत्नीची जोडी. उचल जोडीला मिळते, हिशेब जोडीचा होतो, आणि एकटा माणूस 'अर्धा कोयता' ठरतो. 'उचल' म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. ती हंगामात फिटली नाही तर पुढल्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे यावे लागते. 'खाडा' म्हणजे गैरहजेरी आणि तिच्यापोटी होणारा दंडही. 'वाढे' म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. तो चारा म्हणून विकून टोळीला चार रोख पैसे मिळतात.

अशा मुलाखतीचे यंत्राकडून इंग्रजी भाषांतर करून घेतले आणि मग त्या भाषांतरावर संकेतीकरण केले, तर 'आमचा एक कोयता' या शब्दांतून एक हत्यार उरते आणि जोडी नाहीशी होते. जोडीबरोबर स्त्रीच्या श्रमाला स्वतंत्र मजुरी नसण्याचा प्रश्नही नाहीसा होतो. संशोधनाचा गाभाच जेथे असायचा, तेथे एक नीटस, व्याकरणशुद्ध इंग्रजी वाक्य उभे राहते. वाक्य सदोष असते तर वाचणारा थबकला असता. सफाईदार असल्यामुळे तो पुढे जातो.

याहून गंभीर उदाहरण आरोग्याचे आहे. ऊसतोडणी कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर चर्चेत आला आणि शासनाने त्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. गावाकडे या शस्त्रक्रियेस 'पिशवी काढणे' म्हणतात. स्पष्टीकरणासाठी एक वाक्य रचून पाहू : 'पिशवी काढली ते बरं झालं, आता खाडा पडत नाही.' हे वाक्य कोणा एका स्त्रीचे नव्हे, पण त्यातील प्रत्येक शब्द त्या व्यवहारातला आहे. यंत्रास 'पिशवी'चा अर्थ संदर्भावरून कळला, असे धरून चालू. आधुनिक प्रारूपांना पुष्कळदा तो कळतोही. तरीही या वाक्यास 'आरोग्यसेवेचा लाभ' किंवा 'शस्त्रक्रियेबाबत समाधान' असा संकेत मिळण्याची शक्यता मोठी आहे. कारण 'बरं झालं' हे समाधानाचे शब्द आहेत. शरीराचा एक अवयव गेला यापेक्षा दंड चुकला याचे सुख मोठे वाटावे, अशी कामाची रचना या वाक्यातून बोलते. ते ऐकू येण्यासाठी उचल, खाडा आणि मासिक पाळीच्या दिवसांतही फडावर उभे राहणे या तीन गोष्टी एकत्र माहीत असाव्या लागतात. शिवाय ते वाक्य बोलताना ती हसली की मान फिरवून बोलली, हे क्षेत्रकार्याच्या वहीत लिहिलेले असावे लागते. वही यंत्रापुढे नसते.

१९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' लिहिताना गावातील हक्क, बलुते आणि व्यवहार यांचे शब्द त्यांच्या नेमक्या वापरासह नोंदवले. संशोधन आराखडा वा संशोधन प्रकल्प यांपैकी काहीही त्यांच्यामागे नव्हते. शब्दाचा व्यवहारातील अर्थ विचारून घेण्याची ती सवय अद्याप कालबाह्य झालेली नाही.

'मी जातो' म्हणणारी स्त्री

कोल्हापूरच्या बोलीचे एक वैशिष्ट्य सर्वश्रुत आहे. येथील अनेक स्त्रिया स्वतःविषयी बोलताना 'मी जातो', 'मी करतो' अशी क्रियापदाची पुल्लिंगी रूपे वापरतात. बाहेरून आलेल्या प्राध्यापकाला प्रथम याची गंमत वाटते, नंतर कान सरावतो. आता, शेतकरी स्त्रियांच्या मुलाखतींतून नावे व ओळख काढून टाकून ते मजकूर यंत्राला दिले आणि निवेदकांचे लिंगानुसार वर्गीकरण मागितले, तर काय होईल? 'मी सकाळी रानात जातो, भांगलतो, मग घरी येऊन स्वयंपाक करतो' असे सांगणारी व्यक्ती पुरुष ठरण्याचा धोका आहे. घरकामात वाटा उचलणारा पुरुष शेतकरी, असा एक सुखद निष्कर्ष त्यातून निघू शकेल. उलटपक्षी, शब्दांकन करताना यंत्राने किंवा टंकलेखकाने ही रूपे 'जाते', 'करते' अशी 'सुधारली', तर चूक टळते. परंतु बोली पुसली जाते. इंग्रजी भाषांतरात तर प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगच नसल्याने हा प्रश्न होता याचाही मागमूस राहत नाही. ओळख लपवण्याची जी क्रिया निवेदकाच्या संरक्षणासाठी केली, तीच येथे चुकीचे कारण ठरते, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

ध्वनीवरून आपोआप शब्दांकन करणाऱ्या आज्ञावल्यांनी गेल्या काही वर्षांत मोठी मजल मारली आहे. ओपनएआयने २०२२ साली खुली केलेली व्हिस्पर मराठीही ओळखते. मद्रास आयआयटीतील एआयफॉरभारत हा गट आणि केंद्र शासनाची भाषिणी योजना यांचे भारतीय भाषांवरील काम तर स्वागतार्ह आहे. मात्र व्हिस्परविषयी २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे दिसले की, तपासलेल्या ध्वनिखंडांपैकी सुमारे एक टक्का खंडांत यंत्राने कोणीही न उच्चारलेली वाक्ये घातली होती. ज्यांच्या बोलण्यात विराम अधिक होते, त्यांच्या बाबतीत हे अधिक घडले. तो अभ्यास इंग्रजीचा होता. तरी गुणात्मक संशोधकाने त्यातून घ्यायची सूचना स्पष्ट आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घर गेलेल्या शिरोळ तालुक्यातील माणसास त्या रात्रीबद्दल विचारले असता तो काही क्षण काहीच बोलत नाही. ती शांतता हीच सामग्री होय. तेथे यंत्राने दोन वाक्ये भरली, तर तो साधा टंकदोष म्हणता येणार नाही. निवेदकाच्या तोंडी घातलेली ती खोटी साक्ष ठरते. यंत्राचा कच्चा मसुदा घेऊन मूळ ध्वनिमुद्रण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत तो दुरुस्त करणे, एवढा वापर समर्थनीय आहे. त्यात वेळही बऱ्यापैकी वाचतो.

संमतीचा प्रश्न

निवेदकाने संमतिपत्रावर सही किंवा अंगठा दिला तो समोर बसलेल्या 'सरांना' वा 'मॅडमना' दिला. ही मुलाखत 'कॉलेजच्या पुस्तकासाठी' आहे, अशी त्याची समजूत असते. तीच मुलाखत परदेशातील सर्व्हरवर चढवली जाईल, आणि साधनाच्या अटींनुसार व निवडलेल्या पर्यायांनुसार कदाचित पुढील प्रारूपांच्या प्रशिक्षणासाठीही वापरली जाईल, हे त्याला सांगितलेले नसते. संशोधकालाही ते पुष्कळदा ठाऊक नसते.

नाव बदलले म्हणजे काम झाले, असा समज रूढ आहे. शहरातील सर्वेक्षणात तो कदाचित चालून जाईल. गावात चालत नाही. 'दोन वेळा निवडून आलेली विधवा सरपंच, मुलगा कारखान्यात कामाला, घर नदीकाठी' एवढ्या वर्णनावरून तालुक्यातील कोणीही ती व्यक्ती ओळखेल. मुकादमाविरुद्ध, नवऱ्याविरुद्ध किंवा देवस्थानाविरुद्ध बोललेल्या स्त्रीच्या बाबतीत ही ओळख फुटणे म्हणजे काय, हे येथे विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

वैयक्तिक अंकीय विदा संरक्षण अधिनियम, २०२३ आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याखालील नियम यांत संशोधनासाठी सवलत आहे. विहित मानके पाळली आणि त्या माहितीच्या आधारे विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेतला गेला नाही, तर कलम १७ नुसार अधिनियमाच्या तरतुदी लागू होत नाहीत. पण कायद्याने सवलत दिली म्हणून निवेदकाने अनुमती दिली, असे होत नाही. आरोग्यविषयक संशोधनास भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आहेत. कला व वाणिज्य शाखेच्या अनेक महाविद्यालयांत मात्र नैतिकता समिती नावाची गोष्टच नसते. तेथे मार्गदर्शक हीच समिती. अशा स्थितीत संमती घेताना बोलभाषेत एक वाक्य वाढवणे शक्य आहे : 'तुमचं बोलणं लिहून काढायला मी संगणकातल्या यंत्राची मदत घेणार आहे, ते बाहेरच्या कंपनीचं आहे, चालेल का?' नकार आला तर हाताने लिहावे. ज्यांच्या मुलाखती आधीच घेऊन झाल्या आहेत त्यांच्याकडे पुन्हा जाणे शक्य नसेल, तर त्या मुलाखती यंत्राला देऊ नयेत. स्वतःच्या संगणकावर महाजालाविना चालणारी खुली प्रारूपे उपलब्ध आहेत. त्यांचा दर्जा काहीसा कमी असला, तरी मजकूर खोलीबाहेर जात नाही.

नियमावली आणि शोधकयंत्रे

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्य प्रतिबंधक नियमावलीनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास शिक्षा नाही; १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांपर्यंतच्या मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो; ४० ते ६० टक्क्यांस एक वर्षाची बंदी आणि त्यापुढे नोंदणी रद्द. ही मोजणी विद्यमान मजकुराशी असलेल्या शब्दसाम्याची आहे. यंत्राने नव्याने जुळवलेला परिच्छेद कशाशीच जुळत नाही, म्हणून तो या चाळणीतून सहज खाली उतरतो. इतकेच नव्हे, तर दुसऱ्याचे काम वा कल्पना स्वतःची म्हणून दाखवणे ही चौर्याची जी व्याख्या, तीतील 'दुसरा' येथे कोण, हाही पेच आहे. प्रामाणिकपणे अवतरणे देणाऱ्या विद्यार्थ्याचे साम्य १२ टक्के आणि सगळे यंत्राकडून लिहून घेणाऱ्याचे ३ टक्के, असे विचित्र दृश्य त्यामुळे संभवते.

यावर यंत्रलिखित मजकूर ओळखणाऱ्या शोधक आज्ञावल्यांचा उपाय सुचवला जातो. तो विश्वासार्ह नाही. ओपनएआयने स्वतःची अशी आज्ञावली जानेवारी २०२३ मध्ये आणली आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये मागे घेतली. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवून दिले की, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या टोफेल निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध अशा आज्ञावल्यांनी यंत्रलिखित ठरवले. साधी वाक्यरचना, मर्यादित शब्दसंग्रह ही त्या निबंधांची खूण होती. गडहिंग्लज किंवा आजऱ्याच्या मराठी माध्यमाच्या शाळेतून येऊन कष्टाने इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची खूणही तीच असते. केवळ अशा टक्केवारीवरून त्याच्यावर ठपका ठेवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे होय.

मार्गदर्शकाने काय पाहावे

२०२५ साली 'क्वालिटेटिव्ह इन्क्वायरी' या नियतकालिकातून चारशेहून अधिक अनुभवी संशोधकांनी चिंतनशील गुणात्मक विश्लेषणात जनरेटिव्ह एआयचा वापर सर्वथा नाकारणारी भूमिका जाहीर केली. व्हर्जिनिया ब्रॉन आणि व्हिक्टोरिया क्लार्क या दोघी तिच्या लेखकांत आहेत. अर्थ लावण्याचे काम माणसाचे आहे, हा त्यांचा मुद्दा मान्य करण्यासारखा आहे. सरसकट नकार मात्र कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला परवडणारा नाही. इंग्रजी पद्धतिशास्त्रातील अवघड उतारा समजावून घेणे, स्वतः लिहिलेल्या इंग्रजीचे व्याकरण तपासणे, शब्दांकनाचा कच्चा मसुदा, मुलाखतीच्या प्रश्नावलीत सूचक प्रश्न राहिले आहेत का ते पाहणे, या कामांत यंत्र त्याला अशी मदत करते, जी इंग्रजी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास घरीच मिळत आलेली आहे. संकेतीकरणातही एक उपयोग संभवतो : स्वतःचे संकेत पूर्ण झाल्यावर, संमती असल्यास, तोच उतारा यंत्रास देऊन त्याचे संकेत ताडून पाहावेत. यंत्र जेथे वेगळे बोलते तेथे थांबून विचार करावा. क्रम उलटला तर मात्र यंत्राने दिलेली नावे डोक्यात बसतात आणि मग मुलाखतीत तीच दिसू लागतात.

यंत्रास लेखक म्हणून नोंदवता येणार नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही. प्रकाशन नीतिमत्ता समितीने फेब्रुवारी २०२३ मध्ये हे स्पष्ट केले आहे. प्रबंधातील प्रतिज्ञापत्रावर विद्यार्थ्याची आणि प्रमाणपत्रावर मार्गदर्शकाची सही असते. २०१८ ची नियमावली या दोन्ही सह्यांची मागणी करते. म्हणून संशोधन पद्धतीच्या प्रकरणात कोणते साधन, कोणती आवृत्ती, कोणत्या महिन्यात, कोणत्या कामासाठी वापरले आणि त्याचे कोणते म्हणणे नाकारले, याची एक-दोन पाने असावीत. दिलेल्या सूचना परिशिष्टात जोडाव्यात. 'आवश्यक तेथे तंत्रज्ञानाचे साहाय्य घेतले' या वाक्यातून परीक्षकास काहीच कळत नाही.

सहामाही प्रगती अहवालाच्या वेळी मार्गदर्शकाने सादरीकरणाऐवजी ध्वनिमुद्रण मागावे. कोणतीही एक मुलाखत निवडावी, तिच्यातील पाच मिनिटे विद्यार्थ्यासमवेत ऐकावीत, शब्दांकनाशी ताडावीत आणि मग विचारावे की या पाच मिनिटांना कोणते संकेत दिले, ते कोणत्या आशयसूत्रात गेले, आधी कोणते नाव सुचले होते आणि ते का बदलले. मौखिक परीक्षेतही हाच प्रश्न उपयोगी पडतो. ज्याने स्वतः ऐकले आहे तो विद्यार्थी अडखळत का होईना, त्या बाईच्या आवाजाबद्दल, फडावरच्या उन्हाबद्दल, मध्येच आलेल्या मुकादमामुळे तुटलेल्या वाक्याबद्दल सांगू लागतो.